मानांग कोरदिंगची बाजू

मानांग कोरदिंग म्हणजे आमच्या वस्तीची आरोग्यसेविका; मानांग म्हणजे थोरली ताई, सगळे तिला तसंच म्हणतात. कुणाला दिवस गेले की ही बया छत्री घेऊन त्या घरात हजर. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तिच्या खेपा थांबत नसत.

माझी बहीण एदिथा कोवळ्या वयात आई झाली. बाळ लुवी रडली की ती तिला चिमटा काढायची. आमच्याकडे पोरं चिमट्यांवरच वाढतात; चर्चमध्ये आवाज न करता शिस्त लावायचा दुसरा उपाय तरी कोणता?

"हात मागे घे, बाई," मानांग म्हणायची. "आज तू चिमटा काढून वर लाड करशील. उद्या दुसऱ्या कुणी केलं तर तेही तिला लाडच वाटतील."

मी तिच्या तोंडावर हसायचे. एदिथाने मात्र ऐकलं.

तीच लुवी आता मोठी होऊन नोकरीला लागलीय. गेल्या रविवारी तिला मागणी घालायला मुलाकडचे आले, रीतीप्रमाणे जेवण घेऊन. पानसितच्या शेवयांचं मोठं पातेलं, भाजलेलं डुक्कर, गुळातला चिकट भात. मुलगा रोनेल म्हणजे मानांग ज्या लेकीकडे राहते त्या नेनिताचा मुलगा, मानांगचा सख्खा नातू. वडीलधारी म्हणून बोलणीही मानांगच करणार होती. आम्हाला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

जेवता जेवता लुवी म्हणाली, "लग्नानंतरही मी नोकरी सोडणार नाही हं." आणि एकदम किंचाळलीच. उठून तिने बाही वर केली. हातावर ताजा लाल वळ, त्याशेजारी दोन जुने, हिरवट पडलेले.

"टेबलाखालून चिमटा काढला याने. मागच्या वेळीच बजावलं होतं, पुन्हा केलंस तर सगळ्यांसमोर सांगेन."



"अगं, लाडाने काढला!" रोनेल हसला. पाहुणेही हसले.

"लाडाने काळंनिळं होतं का? मला नाही करायचं हे लग्न."

सगळे मानांगकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही सारवासारव करणार. शेवटी नातू तो. मानांग उठली आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"नेनिता, उचल हे. परत न्यायचं."

आणलेलं जेवण परत नेणं म्हणजे मागणीच मागे घेणं. असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

नेनिता भडकली. "चिमट्यापायी लग्न मोडतेस? मला काय कमी काढलेस तू? तेव्हा कुठे गेलं होतं तुझं शहाणपण?"

आमची मानांग? चिमटे?

"नव्हतंच तेव्हा शहाणपण," मानांग म्हणाली. "मला सांगायला कुणी आलं नाही. मी तुला काढले, तू याला काढलेस, आता हा हिला काढतोय. आणि मी शेवया खात बसू?"

"आई, तू आमच्या बाजूने आलीयस!"

"आलेय तुमच्या बाजूने. पण ही पोर पोटात होती तेव्हापासून मी हिच्या बाजूने आहे."

खाली मान घालून रोनेल पातेलं घेऊन पायऱ्या उतरला. त्यांची रिक्षा मानांगला न घेताच निघून गेली.

संध्याकाळी नेनिताने कपड्यांचं एक बोचकं आमच्या पायरीवर आणून आदळलं. सख्ख्या आईचे कपडे! एदिथाने ते आत घेतलं, आणि लुवीने आपल्या खोलीत मानांगसाठी चटई अंथरली.