समोरचा वारा आणि साखऱ्याचं खळं

हिंगोलीला समुद्र नाही. किनाऱ्याचं बाकी सगळं आहे. माझ्या एका मित्राने कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर प्रवास केला होता आणि तो सांगताना चढ, उतार आणि छातीवर येणारा वारा यांपलीकडे फारसा जात नसे. एवढं तर आमच्या सेनगावच्या डोंगरपट्ट्यातही मिळतं, असं वाटून मी होळीच्या सुट्टीला रजा जोडली आणि एकटाच निघालो. आधी साखरा, मग गोरेगाव, तिथून पैनगंगेचा काठ आणि परत हिंगोली, असा बेत होता.

निघताना आळीतल्या एका वकिलांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि भाषण केलं. त्यात साहस, यौवन आणि राष्ट्र हे शब्द बरेचदा आले. भाषण संपलं तेव्हा मागच्या चाकातली हवा थोडी उतरली होती.

सेनगावात माझी खाकी चड्डी पाहून पाटलांनी उठून सलाम केला. निजामी अंमलात खाकी कापड दिसलं की माणसं आधी उठतात आणि मग चौकशी करतात. लगेच चहा आला, बसायला गादी आली. मी तपासणीला आलेलो नसून शाळामास्तर आहे, हे कळल्यावर गादी राहिली, पण दुसऱ्या कपाचं कुणी नाव काढलं नाही.

सेनगाव सोडलं आणि चढ लागला. दोन्ही बाजूंना शाळूची कापलेली रानं, मधूनमधून पळस पेटलेला, आणि पश्चिमेकडून सरळ तोंडावर येणारा वारा. रस्ता वळला की हायसं वाटे, पण घटकाभरात वाराही वळून पुन्हा समोर उभा राही. बाभळीच्या काट्याने एकदा चाक बसलं. ते दुरुस्त करताना मात्र पान हलत नव्हतं. सायकलवर बसताच वारा हजर.

साखऱ्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याला, एका खळ्यावर उफणणी चालली होती. किसन नावाचा शेतकरी तीन पायांच्या उंच घोडीवर उभा राहून टोपलं हलवत होता. दाणे खाली पडत होते आणि भुसकट वाऱ्यावर लांब जात होतं. त्याची बायको काशीबाई खालून टोपली भरून देत होती. जवळच्या तांड्यावरचा धना मदतीला आला होता. तो राशीवरचे काडीकचरे झाडून काढत होता. पाणी मागावं म्हणून मी सरळ खळ्यात शिरलो.

"पाव्हणं, पायताण काढा आधी," काशीबाई म्हणाली. "रास हाय ही, बाजार न्हाई."

मी ओशाळून बूट काढले, आणि नेमका त्याच वेळी वारा पडला. भुसकट दाण्यांबरोबर सरळ खाली येऊ लागलं. किसनने टोपलं थांबवलं. तिघांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे. तिकडे काळा ढग चढत होता. गेल्या वर्षी याच खळ्यावर गारा पडून त्यांची सगळी ज्वारी काळी झाली होती. यंदाची ही रास म्हणजे घरातल्या आठ तोंडांची वर्षाची भाकरी. भुसासकट भिजली तर ती कुजणार होती.

पाणी देताना धनाने वाटेचं विचारलं. मी मनापासून तक्रार केली. हिंगोलीपासून हँडल कुठंही वळवलं तरी वारा समोरूनच येतो, सायकलवरून उतरलो की पडतो, असं सांगितलं.

"मंग उतरून काहून राहिले?" धना म्हणाला. "बसा की सायकलीवर."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. तापलेली जमीन, वर चढणारी हवा, ढगाआधीची शांतता, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. काशीबाईने ते पुरतं ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली. "पर तुमी वरच्या अंगाला जा. म्हंजे वारं बराबर खळ्यावर येईल."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मी सायकलवर बसलो. टेकडीचा अर्धा चढ चढेपर्यंत नुसता घाम आला. मग कानाशी काहीतरी गार लागलं आणि शर्ट पाठीमागे फुगला. खाली पाहिलं तर भुसाचा पिवळा पट्टा पुन्हा उडू लागला होता. मी दम खायला पाय टेकला, तर खालून तिघंही हात हलवून मला पुढे हाकलू लागली. माथ्यावर पोचलो की खाली यायचं, तेही सायकल हातात धरून, कारण उतारावर बसलो तर वारा उलटा फिरून भुसकट राशीवर आणेल आणि काशीबाईला ती जोखीम नको होती. मग पुन्हा चढ. तापलेल्या जमिनीचा सिद्धांत मी कितव्या चढाला सोडला, आठवत नाही.

पाऊस आला तेव्हा ज्वारी पोत्यांत भरून गाडीवर चढली होती, वर ताडपत्री होती. भिजलं ते भूस आणि मी. काशीबाईने मला ताकाचा तांब्या दिला आणि दुसऱ्या तांब्यातलं पाणी सायकलच्या पुढच्या चाकावर ओतलं, बैल घरी आल्यावर त्याच्या पायावर ओततात तसं. रात्री नव्या ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाताना धना म्हणाला, "मास्तर, पुढल्या साली तुमी न्हाई आले तरी चालंल. सायकल तेवढी धाडा."

पुढचे दिवस मजेत गेले. गोरेगावच्या बाजारात शेव खाल्ली, पैनगंगेत डुंबलो, एका देवळात झोपलो.

परतीच्या दिवशी वारा अजिबात नव्हता. असा सपाट, शांत रस्ता मी निघाल्यापासून मागत होतो. हिंगोली जवळ आली तेव्हा रस्त्याच्या कडेला एक खळं लागलं. न उफणलेली रास, शेजारी रिकामी टोपली, आणि गुडघ्यांना मिठ्या घालून आभाळाकडे पाहत बसलेली माणसं. मी सीटवरून उठलो आणि जोरात पायडल मारू लागलो.

पुढच्या वळणावर माझी टोपी उडाली. ती उचलायला मी उतरलो नाही.