सांधा मातीच्या वर

पाळीच्या धाकू गवसाकडून आंब्याचं कलम घ्यायचं म्हणजे आधी बोलणी खायची तयारी हवी. कलम हातात देण्याआधी तो गिऱ्हाइकाला उन्हात उभं करून विचारतो, खड्डा खणलास काय, किती खोल, पाणी कोण घालणार. आणि मग ते एक वाक्य, जे ऐकून ऐकून अर्ध्या डिचोली तालुक्याला पाठ झालंय:

"सांधो मातीच्या वर ठेव. सांधो पुरलंस तर मगे माजा नाव घेऊ नको."

त्याचं खोटं नाही. खाली रायवळ आंब्याचं रोप, वर चांगल्या झाडाची काडी. दोघांना तिरकं कापून प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलं की महिनाभरात एकजीव होतात. ती जागा म्हणजे सांधा. त्याच्या वर वाढेल ते सगळं चांगल्या झाडाचं, अगदी जसंच्या तसं. सांधा मातीत गाडला तर काडी कुजते आणि खालचं रायवळ रोप गुपचूप फुटून वर येतं. पानं सारखीच दिसतात. आंबा लागेपर्यंत कळत नाही, आणि तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात.

"बाठ्यातून आंबो येता," धाकू हातातली कोय दाखवत सांगतो, "पण तोच आंबो येयत नाय. बाठो म्हणजे पोर. आईचा नाक, बापाचो राग. कलम म्हणजे ताच झाड."

धाकू मूळचा दोडामार्गाकडचा. बाविसाव्या वर्षी गोव्यात सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवर कामाला आला, वर्षभरात लग्न करून शेवंतीला घेऊन आला. तोही खनिजात, तीही खनिजात. संध्याकाळी दोघंही पायापासून केसांपर्यंत लाल. खाणीनं दिलेल्या खोल्यांच्या मागं शेवंती भांडी घासायची. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून आणलेल्या कसल्यातरी आंब्याचा बाठा तिनं तिथं फेकला, आणि भांड्यांच्या पाण्यावर तो रुजला. खाणीची धूळ खात वाढला. आठव्या वर्षी फळ धरलं.

आणि काय आंबा! दिसायला अगदी भिकार. लहान, कुबडा, पिकला तरी साल हिरवीच. पण आत केशरी गर, धाग्याचं नाव नाही, गोड म्हणजे गोड, आणि बाठ्याजवळ आल्यावर जिभेला एक चिमटीभर आंबटपणा. तसला आंबा धाकूनं आपल्या गावी पाहिला नव्हता की गोव्यात. त्या चवीचं झाड पृथ्वीवर एकच, आणि ते खाणीच्या खोल्यांमागं.

"माज्यासारको असा," शेवंती म्हणायची. "वरसून बघून कोण घेऊचो नाय."

"मी घेतलंय मां," धाकू म्हणायचा. बायकोचं कौतुक याहून जास्त त्याला कधी जमलं नाही.

खाण बंद पडली तेव्हा धाकूनं मामाकडून लहानपणी शिकलेली कलमं बांधायची विद्या बाहेर काढली. पाळीत दोन खोल्यांचं घर बांधलं. तो कापायचा, ती बांधायची. तिची गाठ सुटली असं कधी झालं नाही. मानकुराद आंब्याची शेकडो कलमं दोघांनी केली, आणि अकरा वर्षांमागं पौषात काविळीनं शेवंतीला नेलं. आठ दिवसांत सगळं आटोपलं. मुलगी रूपाली तेव्हा कॉलेजात होती.

त्यानंतर लोक हळूहळू शेवंतीच्या झाडाचं कलम मागायला येऊ लागले. पहिले आले सदाशिव मास्तर, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना गावात कुणी 'नाही' म्हणत नाही. धाकूनं म्हटलं.

"मास्तर, ती एकटी होती. तिचा झाडय एकच ऱ्हवांदे."

दुःखात माणूस काय काय बोलतो, त्याचा हिशेब धरू नये. पण धाकूनं आपलं बोलणं नियम करून टाकलं. दुनियेला कलमं करून देणाऱ्या माणसानं या एका झाडाचं कलम कुणाला दिलं नाही. फक्त एक केलं, स्वतःच्या अंगणात लावलं. खोल्यांमागचं ते थोरलं झाड आणि अंगणातलं हे. बस्स.

मग मागायला आली हर्षा. हर्षा म्हणजे वरच्या वाड्यावरची, शेवंतीची जिवाभावाची मैत्रीण. खाणीवर दोघींनी एकाच घमेल्याला हात लावलेला. तिलाही त्यानं नाही म्हटलं. आणि पंधरा दिवसांनी सुर्ल्याला गेला तर झाडाच्या शेंड्यांवर ताजे काप, अजून चीक ओला. दहा काड्या गेलेल्या. तो तडक हर्षाच्या दारात गेला आणि तिचा मुलगा सुदेश, सून, शेजारी सगळ्यांच्या देखत तिला चोरटी म्हणाला. हर्षा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. ते दहा वर्षं लागलेलंच राहिलं. धाकू पोदेराकडं पाव आणायलासुद्धा लांबच्या वाटेनं जायचा, म्हणजे तिचं घर दिसायला नको.

गेल्या चतुर्थीला धाकू गावी गेला. गणपती पोचवून सात दिवसांनी परतला तेव्हा कळलं, सुर्ल्याचं झाड वाऱ्यानं पडलं. किड्यानं खोड आतून पोखरलेलं होतं. तो पोचेपर्यंत लाकडं कुणीतरी कापून नेली होती. उरलेल्या डहाळ्यांवरची पानं हातात घेतली तर चुरा झाला. त्या काड्यांना आता देवही कलम करू शकला नसता. धाकू तिथंच खाली बसला, आणि थोड्या वेळानं स्वतःला समजावत उठला. घरी आहे ना एक.

रूपाली आता डिचोलीत एका सेंटरात काम करते. जुने दस्तऐवज, लोकांची खातेपुस्तकं, देवस्थानांच्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या. बाप फोनवर म्हणाला, घरी एक आहे, तेव्हा तिनं त्याला तिच्या कामातलीच गोष्ट सांगितली.

"बाबा, आमच्याकडे दोन जाग्यांर ठेवल्याशिवाय ठेवलां म्हणणत नाय. आणि नुसता ठेवून भागणा नाय, मधी मधी उघडून बघूचा लागता. लोक पेनड्राइव्ह दहा वर्सां कपाटात सांभाळतत, आणि उघडल्यार आत कायच नसता."

"झाड काय उघडून बघतत?" धाकू करवादला.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. अंगणातलं झाड दहा वर्षांचं, आणि अजून एकदा म्हणून मोहरलं नव्हतं. धूळ, घराची सावली, खत कमी, सगळी कारणं त्यानं देऊन झाली होती. दुसऱ्या कुणी अशी कारणं सांगितली असती तर त्याला उन्हात उभं करून सोलून काढलं असतं.

या वर्षी मोहर आला. सात आंबे टिकले. धाकू रोज सकाळी मोजायचा नाही, नुसता बघायचा, हात जोडल्यासारखा. मे महिन्यात पहिला आंबा पिकला. पिवळाधमक. शेवंतीचा आंबा कधी पिवळा झाला नव्हता. तरी चाकू घेतला, फोड केली, तोंडात घातली. धागेच धागे, वर टर्पेंटाइनसारखा उग्र वास. त्यानं दुसरा कापला, तिसरा कापला. सातही कापले.

मग तो खुरपं घेऊन झाडाच्या बुंध्याशी बसला आणि माती उकरू लागला. वीतभर खाली सापडलं ते: कुजून काळं पडलेलं, करंगळीएवढं काडीचं थोटूक, आणि त्याच्या शेजारून जोमानं वर गेलेलं रायवळ खोड. सांधा पुरलेला होता. दहा वर्षांपूर्वी, बायकोला जाऊन आठ महिने झालेले असताना, ज्या हातांनी त्यानं खड्डा भरला होता त्या हातांना कसलंच भान नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि आपण कोरडे पाषाण. तो तिथं मातीत बसून रडला. शेवंती गेली तेव्हा रडला नव्हता, ते सगळं त्या दुपारी रडून घेतलं.

संध्याकाळी रूपालीचा फोन आला. त्यानं सांगितलं.

"बाबा, हर्षामावशीकडे जा."

"कित्याक?"

"आईचा झाड तिच्या मागच्या दारी असा. चार वर्सां धरता. दर मे महिन्यात माका डबो येता."

आख्ख्या वाड्याला ठाऊक होतं, त्याच्या पोरीला ठाऊक होतं, एकट्या त्याला नव्हतं, कारण तो लांबच्या वाटेनं पाव आणायला जात होता. रागवावं तर कुणावर? रात्रभर तळमळला, आणि सकाळी नवा सदरा घालून वरच्या वाड्यावर गेला. दहा वर्षांनी ती पायरी चढला.

हर्षा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर केली, परत खाली घातली.

"या भावोजी. दार उघडाच असा आज."

"हर्षा..." त्यानं चपला पायरीशी काढल्या. "अंगणातला माजा झाड रायवळ निघाला. सांधो पुरलंय मी."

तिचे हात थांबले. हसली असती तरी चाललं असतं, हक्कच होता तिचा. ती हसली नाही. उठली, आत गेली, आणि पितळीत एक हिरवा, कुबडा आंबा घेऊन आली.

"होय, मी चोरलंय," ती म्हणाली. "मागलंय तेव्हा दिलात नाय, मगे काय करतलंय? दहा काड्यो नेलंय. नऊ मेल्यो, एक जगली. शेवंती बांधी तशीच बांधलंय. तिनाच माका दाखवल्यान, तुमी कापूक बसायचात तेव्हा. आणि खरा सांगू? धालोंच्या नाचात आमी बायको समोरासमोर उभ्या ऱ्हवायचो. ती ओळ म्हणायची, आमच्या रांगेन ती परत म्हणायची. तिची सगळी गाणी माज्याकडे असत, एक ओळ चुकूची नाय. तीय चोरलंय म्हणा. तिचा जा जा म्हणून होता ता तुमी कुलपात घातलात, भावोजी. मी दोन मुठी भरून बाहेर काढलंय."

धाकूनं आंबा कापला नाही. साल दातानं सोलली, जशी शेवंती सोलायची. गर संपत आला, जीभ बाठ्याला लागली, आणि ती चिमटी आली. तीच. जराही कमी नाही, जराही जास्त नाही. एकवीस वर्षांची शेवंती लाल धुळीत बसून हसल्यासारखी. त्यानं डोळे पुसले आणि त्या हाताला लागलेला रस चेहऱ्याला फासला गेला तरी त्याला कळलं नाही.

"चोरटी म्हटलंय तुका," तो म्हणाला. "चार माणसांत. चार माणसांतच माफी मागतंय. बोलव सुदेशाक, बोलव शेजाऱ्यांका."

"माफी नको माका," हर्षा म्हणाली. "काड्यो देतंय, होयत तितक्यो. पण ज्यांका ज्यांका तुमी नाय म्हटलात, तेंच्या प्रत्येकाच्या दारात एक कलम जाऊक होया. तेंच्याकडून काय घेऊचा नाय."

धाकूनं मान डोलावली.

कलमं बांधायची तर जुलै उजाडावा लागतो. तोवर खालच्या रोपांसाठी हर्षाकडच्या आंब्यांचेच बाठे धाकूनं ओळीनं रुजवले. आषाढात एक दिवस येऊन झाडाच्या निवडक शेंड्यांवरची पानं काढली, नुसती देठं ठेवली. आठ दिवसांत देठं गळतात, डोळे फुगतात, मग काडी कापायची. आठव्या दिवशी पहाटे पाऊस थांबला म्हणून तो लवकरच निघाला.

हर्षाच्या मागच्या दारी पोचला तर झाडाखाली कुणीतरी होतं. छत्री मिटून खोडाला टेकवलेली, धोतर वर खोचलेलं, आणि हातात भाजीची सुरी. सदाशिव मास्तर. निवृत्त हेडमास्तर, वय वर्षं एकोणऐंशी, चोरी करताना.

मास्तरांनी धाकूला पाहिलं आणि त्यांचा हात काडीवरच गोठला. हर्षा दारात आली होती, सुदेशही डोळे चोळत मागं उभा राहिला. आता वाड्याला ऐकू जाईल असं भांडण होणार, असं त्या दोघांना वाटलं. धाकूचा आवाज वाड्याला चांगलाच ठाऊक होता.

धाकू तरातरा पुढं गेला. मास्तरांच्या हातातली सुरी काढून घेतली. आपल्या कमरेचा कलमाचा चाकू उपसला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि मूठ पुढं करून मास्तरांच्या हातात दिला.

"आडवी कापू नकात हो मास्तर, तिरकी कापा," तो म्हणाला. "आणि एक नको, दोन न्या. एक मरता."