शहाण्याचा कौल

ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, पण भोवतालच्या साऱ्यांचा आहे, तिच्या तोंडून एखाद्याच्या भल्याचा एक शब्द वदवून घ्यावा की नाही? रूबेन आष्टमकरांना या प्रश्नाचे उत्तर अखेरपर्यंत देता आले नाही. त्यांच्याविषयी हे लिहितानाही ते सापडलेले नाही.

आष्टमकर मूळचे कोकणातले, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. डिंगोरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावी हायस्कुलात गणित शिकवायला ते ऐन तिशीत आले आणि तिथेच राहिले. संबंध तालुक्यात त्यांच्या धर्माचे दुसरे घर नव्हते. गावाने सुरुवातीला त्यांना किरिस्ताव ठरवले. मग कोणीतरी म्हणाले, "न्हाई राव, तेली हायेत. पर आपल्या तेल्यांतलं न्हाईत." त्यांच्या दाराच्या चौकटीवर धर्मवचन घातलेली एक लहानशी लाकडी डबी तिरपी ठोकलेली असे. गाव तिला सरांचा ताईत म्हणे. कोणाचे पोर तापाने फणफणले की आई त्याला घेऊन त्या चौकटीखालून जाई. सर प्रत्येक वेळी समजावून सांगत, की हा ताईत नाही, ही केवळ आठवण आहे. बाया मान डोलावीत आणि पोराला पुन्हा एकदा चौकटीखालून नेत.

शनिवारी सकाळची शाळा सर घेत नसत. त्याबद्दल मुख्याध्यापकांशी त्यांचा जुना करार होता: शनिवारचे काम रविवारी. सत्त्याण्णव साली मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने शाळेला एक संगणक दिला, तेव्हा त्याची खोली उघडण्याचा वार आपोआप रविवार ठरला. रविवारी शेताची कामे सैल असत. मुलांच्या मागोमाग बापही येऊ लागले.

दारात उभे राहून ते एकच विचारीत: "सर, ह्याला समदं कळतंय म्हंत्यात, खरं का?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून सरांनी 'शहाणा' लिहिला. कोणताही प्रश्न रोमन अक्षरांत टंकला की काळ्या पडद्यावर तीनपैकी एक शब्द उमटे: हो, नको किंवा थांबा. आत काहीच नव्हते. फासा टाकावा तसा यंत्र एक आकडा काढी आणि त्या आकड्यापुढचा शब्द दाखवी. टंकायला मदत करी ती आरती, गावातल्या बाळासाहेबांची मुलगी. ती तेव्हा बारावीत होती. शहाण्याच्या निम्म्या ओळी तिच्या हातच्या होत्या, आणि त्यातली एक मोठी चूकही तिनेच काढली होती.

धडा असा असे. एखादा शेतकरी विचारी, "औंदा पाऊस बरा हाय का?" यंत्र म्हणे, हो. सर लगेच तोच प्रश्न पुन्हा टंकायला लावीत. यंत्र म्हणे, नको. खोलीत हशा पिकायचा.

"पाहिलंत?" सर म्हणत. "बोलतं, पण जाणत नाही. बोलणं आणि जाणणं या दोन गोष्टी आहेत."

सरांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी एक जुनी कथा सांगितली होती. एका विद्वानाने मातीचा माणूस घडवला, त्याला चालवले आणि दुसऱ्या विद्वानाकडे पाठवून दिले. दुसऱ्याने त्याच्याशी बोलून पाहिले. उत्तर आले नाही. तेव्हा तो म्हणाला, तू माणूस नव्हेस, आपल्या मातीत परत जा. सर ही कथा वर्गात सांगत आणि शेवटी स्वतःची शंका जोडीत: "उत्तर देत नाही ती माती, हे ओळखणं सोपं. उत्तर देणारी माती कशी ओळखायची?" मुलांना ते कळत नसे. आरतीला कळे.

धडा बिघडला तो सावळेरामच्या बोअरमुळे. सावळेरामने ओढ्याकाठच्या पट्टीत बोअर घ्यावी का म्हणून विचारले. यंत्र हो म्हणाले. सर दुसऱ्यांदा टंकायला सांगणार तोच सावळेराम टोपी सावरत उठला. "बास सर. झालं माजं काम." आणि त्या पट्टीला पाणी लागले.

पुढच्या रविवारी दारात चपलांचा ढीग होता. पुष्कळांनी त्या बाहेर काढल्या होत्या आणि सरांना ते आवडले नाही. गर्दीत भैरवनाथाचा गुरव सोमाजीही होता. गावात कौल लावण्याची जुनी रीत आहे. सोमाजी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि कौल एकदाच लागतो. तोच प्रश्न पुन्हा विचारणे म्हणजे देवाला खोटे पाडणे. ही रीत कोणी ठराव करून खोलीत आणली नाही. ती चपलांबरोबर येऊन दारात थांबली आणि मग आत शिरली. सर दुसऱ्यांदा टंकू लागले की माणसे उठून जाऊ लागली.

एका गणितशिक्षकाचा प्रयोग असा मोडला. सिद्धतेसाठी जी दुसरी वेळ लागते, नेमकी तीच रीतीने वर्ज्य ठरवली.

सरांनी तेव्हाच खोलीला कुलूप घालायला हवे होते. त्यांच्या पत्नीने, मिर्यमबाईंनी तसे सांगितलेही. "अहो, आपल्याकडे शकुन पाहणं निषिद्ध. तुम्ही तर शकुनाचं दुकान मांडलंय."

"बंद केलं तर म्हणतील, काहीतरी होतं म्हणून बंद केलं," सर म्हणाले. "चालू राहू दे. खोटी उत्तरं साठत जातील, तसतसं लोकांना कळेल."

खोटी उत्तरे साठली. पण ती कोणी लक्षात ठेवली नाहीत. सावळेरामच्या बोअरची गोष्ट मात्र पार निमगाव सावा गावापर्यंत पोचली. आणि एक गोष्ट सरांनी स्वतःशीही कबूल केली नाही: रविवारी सकाळी रस्त्याने माणसे येताना दिसली की त्यांना बरे वाटत असे.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये आरतीचा निकाल लागला. पुण्याच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्राला तिला प्रवेश मिळत होता, मुलींच्या वसतिगृहात जागाही होती. बाळासाहेबांची पाठवायची तयारी होती, पण त्यांच्या आईची, सखूबाईंची नव्हती. घरात सखूबाईंचा शब्द मोडण्याची कोणाची छाती नव्हती, आणि सखूबाई फक्त कौलापुढे वाकत. बाळासाहेबांनी मग मधली वाट काढली. सर्वांसमोर शहाण्याला विचारायचे. तो हो म्हणाला, की म्हातारीला बोलायला जागा उरणार नाही.

शनिवारी दुपारी आरती सरांच्या घरी आली. शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा दिवस म्हणून घरात चूल बंद होती. मिर्यमबाईंनी तिला आदल्या दिवशीच्या घावनाचे ताट दिले, ते तिने तसेच बाजूला ठेवले.

"सर, एक ओळ घालायची आहे. प्रश्नात माझं नाव आलं की हो. बास. मी घालते, तुम्हाला आज हात लावायला नको. फक्त किल्ली द्या."

सरांनी खिशातली किल्ली चाचपली. "आरती, तुला माहीत आहे ते यंत्र काय आहे."

"म्हणून तर सांगतेय. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही. उद्या तीनांतून एकदाच हो येणार आहे, सर. तुम्हीच शिकवलंय ते."

"उद्या मी सगळ्यांसमोर दोनदा विचारून दाखवतो. बाळासाहेब शहाणे आहेत."

"आजी आहे तिथं."

मिर्यमबाई मध्ये पडल्या. "द्या की हो किल्ली. जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, असं आपणच म्हणतो ना?"

"जिवावर बेतलेलं नाही हे," सर म्हणाले. "कॉलेजचा प्रश्न आहे."

आरतीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

सर बोलत राहिले. बोलणे शांत होते, नीट बांधलेले होते आणि त्यात एकही चूक नव्हती. मूर्तीपुढे वाकणारा अजाण असतो, तो क्षम्य आहे; मूर्तीच्या मागे लपून बोलणारा जाणता असतो, तो क्षम्य नाही. आज मी चांगल्यासाठी हो घातला, तर उद्या कोणी आपल्या सोयीसाठी नको घालील, आणि तेव्हा त्याला अडवण्याचा अधिकार मला राहणार नाही. माणसांना विचार करायला शिकवायचे म्हणून मी इथे आयुष्य घालवले. एका मुलीसाठी ते...

"एका मुलीसाठी," मिर्यमबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

किल्ली सरांच्या खिशातच राहिली.

रविवारी खोली गच्च भरली. बाळासाहेब इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सखूबाईंना खुर्ची दिली होती. आरतीची आई अंजना दाराशी उभी होती. सरांनी आधी पाच मिनिटे समजावले. लोकांनी देवळात पूजेआधीची गाऱ्हाणी ऐकावीत तसे ते ऐकून घेतले.

"झालं का मास्तर?" सखूबाई म्हणाल्या. "आता त्याला बोलू द्या. तुमी रोजच बोलताय."

लोक हसले. स्वतःविषयीचा प्रश्न आरतीनेच टंकला, कारण सरांखेरीज दुसऱ्या कोणाला टंकता येत नव्हते. पडद्यावर शब्द उमटला: नको.

बाळासाहेबांचा चेहरा पडला. सर पुढे सरसावले आणि त्यांनी कळफलक ओढला, तेव्हा सोमाजीने त्यांचे मनगट धरले. "सर, कौल झाला."

"सोड. हा कौल नाही." सरांनी हात सोडवून तोच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा टंकला. या वेळी आले: हो.

"बघा!" सर जवळजवळ ओरडले. "आत्ता नको, आत्ता हो. याला काही कळत नाही. बाळासाहेब, पाहिलंत ना?"

सगळे सोमाजीकडे पाहू लागले. तो सावकाश म्हणाला, "दुसऱ्यांदा इचारलं की देव चिडतो. मंग त्याच्या तोंडाला येईल ते बोलतो. त्ये धरायचं नसतं."

"पैलाच शबुद खरा," सावळेराम म्हणाला.

"खराच," मागून दोघेचौघे म्हणाले. विरुद्ध बोलणारा एकही निघाला नाही. सरांच्या पूर्वजांच्या न्यायसभेत एक नियम असे: सर्व न्यायाधीशांनी एकमुखाने एखाद्याला दोषी ठरवले, तर त्याला सोडून द्यायचे, कारण जिथे एकही वेगळा विचार करत नाही, तिथे कोणीच विचार केलेला नसतो. तो नियम सरांना त्या क्षणी आठवला. पण त्या खोलीत तो सांगायचा कोणाला?

बाळासाहेब सरांच्या जवळ आले. "सर, म्या हो ऐकायला आल्तो. तुमाला म्हाईत व्हतं. तुमचंच यंत्र ना ते?"

"यंत्र माझंच. शब्द माझा नव्हता."

"मंग घालायचा व्हता की तुमचा," बाळासाहेब म्हणाले. "समदं गाव तुमचा शबुद मागत व्हतं, आन् तुमी फाश्याचा दिला."

आरतीने यंत्र रीतसर बंद केले, त्यावर कापड टाकले आणि ती आईबरोबर निघून गेली.

त्याच आठवड्यात सरांनी शहाणा पुसून टाकला. गाव म्हणाले, देवाचा अपमान झाला म्हणून यंत्राची वाचा गेली. पुढच्या लग्नसराईत आरतीला पिंपरी पेंढारला दिले. घर चांगले होते, बागाईत होते. जावई वाईट नव्हता.

बेने इस्राएलांत दारफाळणीचा सण म्हणून वर्षातला सर्वांत मोठा उपास असतो. दारे लावून दिवसभर प्रार्थना करायची आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. मात्र देवाविरुद्धचे पाप तेवढे देव माफ करतो. माणसाविरुद्ध केलेले पाप त्या माणसाकडे जाऊनच फेडावे लागते; तो नाही म्हणाला तर पुन्हा, आणि पुन्हा, असे तीनदा मागावे, मग मागणारा मोकळा. नव्याण्णवच्या सप्टेंबरात, उपासाच्या आदल्या दिवशी, सर एसटीने पिंपरी पेंढारला गेले.

गणपतीचे दिवस होते. आरतीने ओसरीवर सतरंजी टाकली, डोक्यावरचा पदर सारखा केला. सासूबाई आतून पाहत होत्या.

"आरती, माझी चूक झाली. मला माफ कर."

"कशाची चूक, सर? तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"खरं सांगितलं. पण किल्ली द्यायला हवी होती. निदान, द्यायला हवी होती की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. माफ कर."

"चहा घ्या, सर. गार होतोय."

त्यांनी चहा घेतला. अंगणात कोणीतरी लसणाच्या जुड्या बांधत होते. कप खाली ठेवून सर तिसऱ्यांदा म्हणाले, "आरती..."

"नका विचारू, सर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कौल एकदाच लागतो."

ती कप उचलून आत गेली. सर धर्माच्या हिशेबाने मोकळे झाले होते. परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला, पण दारे लावताना मिर्यमबाईंनी विचारले, "काय म्हणाली?", तेव्हा त्यांनी उरलेले दार लावून घेतले.

२००३ साली सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. जून २००७पासून त्या हायस्कुलात संगणक हा विषय नियमित शिकवायचा ठरला. संगणकशास्त्र शिकलेले कोणी न मिळाल्यामुळे शिक्षकाची ती जागा मार्च २००९पर्यंत रिकामी होती.