खिळ्यांची गुळणी

आमच्या गल्लीत सगळे अगदी ठामपणे सांगतात, की कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारे खिळेकाका तरुणपणी लढाईत शत्रूच्या मुलखात एकटे अडकले होते आणि तिथे त्यांनी सतरा जणांना रापीने कापलं. रापी म्हणजे त्यांची ती कातडं कापायची रुंद पात्याची सुरी. भाजीवाली आकडा वीस सांगते. इस्त्रीवाल्याच्या मते त्या विसांत एक सेनापती होता आणि त्याची टोपी काकांच्या माळ्यावर आहे.

हे सगळं खोटं आहे. मी इतक्या खात्रीने सांगते, कारण सुरुवात माझ्याकडूनच झाली. मी इस्त्रीवाल्याला फक्त एवढंच म्हणाले होते, की काका नऊ दिवस शत्रूच्या ताब्यातल्या गावात होते आणि त्यांच्या हातात रापी होती. यात चुकीचं काय आहे? पुढचं तिखटमीठ त्याचं. काकांनी त्या नऊ दिवसांत कुणाच्या अंगाला ओरखडासुद्धा काढला नाही. उलट शत्रूच्या दीडएकशे माणसांचे बूट दुरुस्त करून दिले. आणि छान करून दिले. पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

काकांचं दुकान आमच्याच जिन्याखाली आहे. वरची पायरी जिथे संपते तिथे त्यांचं छत सुरू होतं, त्यामुळे उंच गिऱ्हाईक आत शिरतानाच नमस्कार केल्यासारखं वाकतं. आत एक ठेंगणं स्टूल, बूट उलटा चढवायचा लोखंडी पाय, चिकटवायच्या गोंदाचा डबा, भिंतीला टांगलेले लाकडी साचे. आणि मध्ये काका, तोंडात दहाबारा बारीक खिळे धरून. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, दोन बोटांनी उचलायचा, एका ठोक्यात बसवायचा. समोरच्या दातात खिळ्याएवढी खाच पडली आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर भुवईने मिळतं. एक भुवई म्हणजे उद्या, दोन भुवया म्हणजे परवा, आणि मान हलली की समजावं, बूट टाकून द्यायच्या लायकीचा झालाय.

काकूंचं म्हणणं, “लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. त्यातली तीस तरी यांच्या तोंडात खिळे होते. आमची सगळी भांडणं एकट्या माझी आहेत.”

तर अशा माणसाकडून ही हकीकत काढायची म्हणजे काय कष्ट असतील ते समजून घ्या. खिळे संपले की नवीन मूठ तोंडात टाकेपर्यंत जी उसंत मिळते, तेवढ्यात जी काय दोन वाक्यं निघतील ती. मी अशी वर्षानुवर्षं वेचत आले. माझ्या चपलांचे अंगठे जरा जास्तच तुटतात, असं काकू म्हणतात. म्हणोत. उरलेलं त्यांनीच सांगितलंय, आणि ते मी विचारलंही नव्हतं.

काका लढाईत गेले ते बूट शिवायलाच. फौज पायांवर चालते, आणि पायांत बूट लागतात, तेव्हा प्रत्येक पलटणीमागे चारपाच माणसं हातोडी घेऊन बसलेली असतात. काका त्यांतले. बंदूक मिळाली होती, पण ती बहुतेक वेळ पोत्याखाली. नदीकाठचं एक गाव आपल्या लोकांनी घेतलं होतं. पलटण नदीच्या अलीकडे, गाव पलीकडे, मध्ये पूल. एका दुपारी हवालदाराने सांगितलं, “गावात एक बूटवाला पळून गेलाय, दुकान उघडं आहे. जा, तळव्याचं कातडं मिळेल तेवढं घेऊन ये.” काका पोतं घेऊन गेले. कातडं चांगलं होतं, म्हणून निवडत बसले. ते म्हणतात, पाव तास बसलो. काकू म्हणतात, बाजारात यांना पाव तास सोडलं तर तास होतो.

तेवढ्यात धडाका झाला. काचा खाली आल्या. काका दारात येऊन बघतात तर पुलाच्या जागी धूर, आणि आपले लोक पलीकडच्या चढावर पाठमोरे. शत्रू उत्तरेकडून गावात शिरत होता, आणि तो मागे लागू नये म्हणून आपल्याच साहेबांनी पूल उडवून दिला होता. पोतं घेऊन गेलेल्या एका बूटवाल्याची आठवण त्या घाईत कुणाला व्हायची.

त्या वेळी काका चोवीस वर्षांचे. लग्नाला वर्ष झालेलं, घरी काकूंचे दिवस भरत आलेले. डोक्यात एकच गोष्ट: घरी जायचं. दुसरं काही नाही. शौर्यबिर्य त्यांना त्या दिवशी आठवलंच नाही, असं ते सरळ सांगतात.

त्यांनी वर्दी काढून शेगडीत घातली. बंदूक लाकडी साच्यांच्या ढिगाखाली सरकवली. पळून गेलेल्या मालकाचा शर्ट चढवला, वर त्याचा चामड्याचा एप्रन. आणि मग लक्षात आलं, की कपडे बदलता येतात, बोलणं कुठून बदलणार? तिकडची भाषा त्यांना कळायची, पण बोलायला गेले असते तर पहिल्याच शब्दाला कळलं असतं, हा नदीपलीकडचा. बाहेर बुटांचा आवाज आला. दोघे जण आत शिरत होते. काकांनी डब्यातले मूठभर खिळे तोंडात टाकले आणि हातोडी उचलली.

गुपित राखायला लोक मिठाची गुळणी धरतात. काकांनी खिळ्यांची धरली.

ज्याच्या तोंडात खिळे आहेत त्याच्याकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. हे काकांना माहीत होतं, कारण त्यांच्या बापाने आणि आजाने आयुष्यभर हेच करून घरचे प्रश्न टाळले होते. दोघांपैकी एकाने बूट पुढे फेकला. “तळवा उसवलाय. कधी देशील?” काकांनी एक भुवई वर केली. तो म्हणाला, “उद्या का? बरं.” आणि दोघे गेले.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. शत्रूची फौजही पायांवरच चालते. काका सकाळी फळ्या उघडायच्या आधी खिळे तोंडात घ्यायचे आणि फळ्या लावल्यावर काढायचे. दिवसभर पाणी नाही. बूट दुरुस्त केल्याबद्दल कुणी पाव ठेवून जाई, तो फळ्या लावल्यावर. जिभेला लोखंडाची चव इतकी बसली, की पुढे घरी आल्यावर महिनाभर चहासुद्धा खिळ्यांचा लागायचा.

तिसऱ्या दिवशी एक कारकून वही घेऊन आला. गावात उरलेल्यांची नोंद करत होता. “नाव?”

काकांनी हातोडीने दारावरच्या पाटीकडे दाखवलं. पाटीवर मालकाचं नाव आणि खाली ‘आणि मुलगा’ असं लिहिलेलं होतं. कारकुनाने नाव उतरवलं आणि पेन थांबवलं.

“बाप की मुलगा?”

याला भुवई चालेना. काका पुढचा खिळा ओठांशी आणून नुसते बघत राहिले. कारकुनाने त्यांच्या तोंडाकडे, मिशीकडे बघितलं, आणि स्वतःच पुटपुटत लिहिलं, “मुलगा.” जाताना वर म्हणाला, “म्हातारा बरा बोलायचा म्हणे. तू अगदीच घुम्या.”

मी एकदा विचारलं, “काका, इतके दिवस शत्रूचा बूट मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे कसं वाटत होतं हो?” खिळे संपले होते, म्हणून उत्तर मिळालं. म्हणाले, “बूट गरम असतो. आत्ताच पायातून काढलेला. कुणाची टाच बाहेरून झिजलेली, म्हणजे फेंगडा. एकाच्या डाव्या बुटात पुढे कापूस भरलेला, म्हणजे बोट गेलेलं. एकाला दोन नंबर मोठा बूट दिलेला, तो कागद कोंबून चालत होता. मी तो कागद काढून कातड्याची पट्टी घातली.” आणि मूठ तोंडात टाकली. मला पुढचं विचारायचं होतं, पण मी चपला उचलून जिना चढले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

पण तोंड बंद ठेवलं तरी हातांना कोण बांधणार? चौथ्या दिवशी एक बूट परत आला.

घेऊन येणारा शत्रूचा एक हवालदार होता, उंच, राखाडी मिशांचा. त्याने बूट उलटा करून काकांसमोर ठेवला आणि टाचेवर बोट टेकलं. काकांनी बघितलं आणि चूक कळली. आपल्याकडे टाचेला खिळे कडेकडेने कमानीत मारतात. तिकडे दोन सरळ ओळी मारून मध्ये एक खिळा. इतर बुटांवर त्यांनी ते बघून बघून तसंच केलं होतं, पण या एका बुटाच्या वेळी बाहेर काहीतरी गडबड झाली, लक्ष तिकडे गेलं, आणि हात आपल्या सवयीने चालला. कमान पडली. नदीपलीकडची कमान.

हवालदाराने काकांचा चेहरा नीट बघून घेतला. मग दाराशी पडलेलं दुसरं स्टूल ओढलं, डब्यातून मूठभर खिळे उचलले आणि स्वतःच्या तोंडात टाकले. तोही मुळात याच धंद्यातला. चिमट्याने त्याने कमानीतला एकेक खिळा उपसला, बूट लोखंडी पायावर चढवला, आणि सावकाश, काकांना दिसेल असं, दोन ओळी मारल्या. मध्ये एक. दोन माणसं समोरासमोर, दोघांच्या तोंडात खिळे, आणि कुणालाच बोलता येत नाही. संपल्यावर उरलेले खिळे त्याने तळहातावर काढले, डब्यात टाकले, म्हणाला, “अशी.” आणि निघून गेला.

काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या सकाळी त्याच हवालदाराने सहा जोड पाठवले.

त्याने ओळखलं होतं की नाही, यावर माझा आणि काकूंचा वाद आजही संपलेला नाही. मी म्हणते, ओळखलं होतं, आणि सोडलं. काकू म्हणतात, “अगं, कसलं सोडलं. चांगल्या कारागिराला वाईट काम बघवत नाही, एवढंच. हे पण दुसऱ्याचा शिवलेला बूट रस्त्यात दिसला तरी खाली वाकून बघतात.” काकांना विचारलं की तोंडात खिळे असतात.

आठव्या दिवशी एकदम ढीग लागला. सगळ्यांनाच तळवे, सगळ्यांनाच आजच्या आज. फौज हलणार हे काकांना त्यांच्या शिपायांच्या आधी कळलं. नवव्या दिवशी दुपारी गाव जवळजवळ रिकामं झालं. काकांनी दुरुस्त झालेले सहा जोड नाड्यांनी बांधून खांद्यावर टाकले, खिळे तोंडात घेतले, आणि गावाखाली जिथे नदी गुडघाभर होती तिथे सरळ चालत गेले. पहारेकऱ्याला वाटलं, कुठल्या तरी चौकीवर माल पोचवायला निघालाय. “माझे कधी देणार?” त्याने विचारलं. काकांनी एक भुवई वर केली. पहारेकरी वैतागून म्हणाला, “तुमचा उद्या कधी उजाडतच नाही.”

काका पाण्यात उतरले. पाठीत गोळी शिरेल म्हणून मागे बघितलं नाही. पलीकडच्या लव्हाळ्यातून वर आले तर समोर आपलीच चौकी, आणि आपल्याच माणसाची बंदूक.

“थांब. कोण आहेस? बोल.”

इतके दिवस न बोलण्याची सवय, आणि तोंडात दहाबारा खिळे. काका नुसते उभे. शिपायाने बंदूक खांद्याला लावली. तेव्हा काकांनी थुंकून टाकलं सगळं. खिळे आधी पडले आणि स्वतःचं नाव मागून. शिपायाला त्या वेळी हसू आलं, म्हणून काका वाचले.

पण घर अजून लांब होतं. ‘बेपत्ता’ असं पत्र काकूंना गेलेलं, आणि आता परत आलेल्या माणसाची चौकशी. एका शाळेच्या वर्गात तीन साहेब छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले, टेबलावर ते सहा जोड. शत्रूला मदत केल्याचं ठरलं असतं तर काही वर्षं कोठडी. काकांनी दोन दिवस सगळं सांगितलं, जन्मात बोलले नसतील एवढं बोलले. पण बुटांनी घात केला. मोठ्या साहेबांनी एक बूट उलटा केला, अंगठ्याने टाच दाबून बघितली, ती तसूभर हलेना.

“ही टाच तिकडच्या पद्धतीची. कुठे शिकलास?”

“तिकडच्या एका हवालदाराने दाखवली.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्या दोन ओळींनी तिकडे जीव वाचवला, त्या इकडे गळ्याशी आल्या.

काकांना त्याच दुपारी सोडलं, हे आपल्याला ठाऊकच आहे, नाहीतर ते आमच्या जिन्याखाली बसले नसते. घरी पोचले तेव्हा मुलगी अठरा दिवसांची होती. सोडलं ते शेवटच्या प्रश्नानंतर. काकू ते अगदी शब्दाला शब्द सांगतात, आणि तेव्हा काका मान खाली घालून ठोकत बसतात, म्हणजे ते खरं असावं.

मोठे साहेब म्हणाले होते, “दीडशे बूट तुझ्या हातून गेले. शत्रूचे. टाचा कच्च्या ठोकायच्या, टाके ढिले घालायचे, फौज वाटेत लंगडी पडली असती. एवढंही सुचलं नाही तुला?”

काका म्हणाले, “सुचलं, साहेब. पण खराब ठोकलेला बूट दुसऱ्या दिवशी परत येतो. आणि तो एकटा चालत येत नाही.”