जर्मलचा गंज आणि मूठभर सोडा

"भाऊ, तुमचा गंज काळाठिक्कर पडला!" कांताबाई चुलीपासून ओरडली.

शिरपूर जैन गावाले तिच्या भाचीचा साखरपुडा होता. मी आचारी, स्वयंपाक माझ्याकडं. गंज म्हणजे वरणाचं मोठं उभं पातेलं. हा जर्मलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. माझी बायको सुमन गेली तेव्हापासून त्याले कोणी मनापासून घासलं नव्हतं. कांताबाईले कीव आली. तिनं मले न विचारता त्यात पाणी ओतलं, मूठभर खायचा सोडा टाकला आणि उकळत ठेवलं. त्यातलं थोडं उकळतं पाणी झाकणावरही ओतलं. तिच्या घरचं जळकं स्टील असंच निघते.

मी काळ्या पडलेल्या झाकणावर बोट फिरवलं. बोटाले काही लागलं नाही. काजळी नाही, मग हे काळं आलं कुठून? रागाच्या आधी मले नवलच वाटलं.

मुलीचा बाप नामदेव धावत आला. "पोराकडचे मानोऱ्याहून निघाले अन् तुमी हे काळं भांडं मांडून राह्यले? शुभ कामाले? फेका ते!"

"फेकतो. वरण कशात शिजवू, तुह्या टोपीत?"

"मी टोपी घालत नाही."

"मग गंज राहू दे."

गावात तेवढं दुसरं पातेलं नव्हतं. कांताबाई रडकुंडीले आली. "सुमनताईचा होता ना भाऊ तो?"

"होता नाही, आहे. चिंच आण."

सुमन हा गंज चिंचेच्या पाण्यानं उजळायची, एवढं मले माहीत. आधी झाकणावर करून पाहिलं. काळं विरघळत गेलं. मग सोड्याचं पाणी फेकलं, गंज धुतला, चिंचेचं पाणी उकळलं. पांढरा झाला. बुडाशी एक करडं वळं तेवढं राह्यलं.

नामदेवनं वाकून पाहिलं. "पाहुण्याईले दिसन का?"

"पाहुणे वरण खायले येतात का गंजात पाहायले?"

पुढं रिसोडच्या भांडेवाल्याले पुसलं. तो म्हणे, गरम पाण्यातला सोडा जर्मलले खाते, वर काळा थर धरते. आंबट तो थर सोडवते.

तेव्हा मले उमगलं. आमच्याकडं पाणी जड, तुरीची डाळ शिजत नाही. मी म्हणायचो, चिमूटभर सोडा टाक. सुमन म्हणे, या गंजात नाही. डाळ आधीच भिजू घालायची. काहून, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही पुसलं नाही. त्या दिवशीही डाळ भिजवलेलीच होती.

पाहुण्यांनी वरण मागून मागून खाल्लं. साखरपुडा झाला.

सोडा वाईट नाही. स्टीलले लावा, मोरीत टाका, फ्रीजमधल्या वासाले वाटीत ठेवा. जर्मलले मात्र लावू नका. आणि घरात कोणी एखादी गोष्ट करत नसन, तर माणूस जितं आहे तोवर पुसून घ्या. भांडेवाला अर्धंच सांगते, उरलेलं सुमनसोबत गेलं.