पाहुण्यांकडे पाठ

आमच्या ड्रिलच्या बाईंना आम्ही 'एकदोन बाई' म्हणायचो, कारण त्या सगळं मोजून करायच्या. रस्ता ओलांडताना मोजायच्या, बशीत चहा ओतताना मोजायच्या, आणि एखादीला रागवायचं असलं तर तिच्यासमोर उभ्या राहून मनातल्या मनात आठपर्यंत मोजून मगच तोंड उघडायच्या. ते आठ आकडे फार वाईट. बाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि आपली घटका कितीवर आलीय ते कळायचं. मी त्या आकड्यांसमोर इतक्या वेळा उभी राहिलेय की अजूनही कुणी माझ्याकडे बघून ओठ हलवले की मी आपली माझी चूक शोधायला लागते.

सोलापुरात आमची मुलींची शाळा होती आणि बाई तिथे ड्रिल शिकवायच्या. पाचवारी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सत्तरच्या दशकात साडीखाली बूट घालणारी बाई आमच्या अख्ख्या पेठेत एकच. बायका आधी बूट बघायच्या, मग नाक मुरडायच्या आणि मग "बऱ्या आहात ना बाई?" असं विचारायच्या. बाई मूळच्या वैरागकडच्या. वर्गात अगदी पुस्तकातल्यासारखं बोलत. मैदानावर पाय पडला की त्यांचं गाव बाहेर यायचं. "कुटं बघतीस? हितं बघ की," असं त्या ओरडल्या की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा त्यांच्याकडे बघायचा.

बाईंनी शाळेत मुलींचं लेझीम पथक बसवलं होतं. सोळाजणी, ढोलावर शाळेचे शिपाईमामा, आणि शेवटी मनोरा: खाली सहाजणी, त्यांच्या खांद्यावर तिघी आणि शेंड्यावर एक; उरलेल्या सहाजणी भोवती आधाराला हात लावून. या पथकात माझी निवड झाली ती माझ्या चपळाईमुळे झाली, असं मी माझ्या मुलांना बरीच वर्षं सांगत आले. खरं असं की आठवीच्या पहिल्याच तासाला बाईंनी मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, "ही खाली पाहिजे." झालं. पुढची तीन वर्षं मी खालच्या सहाजणींत मधोमध होते. वडिलांनी मोठ्या आनंदाने परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं पोरगी जरा बारीक होईल. पोरगी झाली नाही. मावशी मात्र आईला म्हणाली, चारचौघांत सलवार घालून एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या पोरी कोण करून घेणार? आईने लगेच माझी सलवार घोट्याखाली दोन बोटं आणखी लांब शिवून घेतली.

शेंड्यावर असायची लक्ष्मी. तिच्या घरी माग होता, घरात तेलुगू बोलायचे, आणि अंगाने इतकी हलकी की दप्तर घेतल्यावर दप्तरच शाळेत चाललंय असं वाटावं. मला ती अक्का म्हणायची. वर चढताना माझ्या खांद्यावर तिचा पाय पडायचा आणि ती हळूच म्हणायची, "लागलं का अक्का?" मला लागायचं. पण सहाजणींतली सगळ्यात दणकट म्हणून मला मिरवायचं असायचं, त्यामुळे मी "छे" म्हणायचे आणि घरी जाऊन खांद्याला हळद लावायचे.

आता हे पथक शाळेत कशासाठी होतं? तर पाहुण्यांसाठी. आमच्या हेडसरांना पाहुण्यांचं फार वेड. बँकेचे मॅनेजर, गिरणीचे साहेब, कुणी पुढारी, कुणी पुढाऱ्याचे मेहुणे, जो सापडेल त्याला ते शाळेत आणायचे. पाहुण्यांना हार, नारळ आणि चादर. आणि फाटकापासून मांडवापर्यंत आमचं लेझीम. फाटकाशी गाडी दिसली की पुढच्या रांगेतून मी "सलामी" असा पुकारा करायचा, सगळ्यांनी फाटकाकडे तोंड करून लेझीम कपाळाशी न्यायची, दोन रांगा करून मधून वाट द्यायची. हे काम माझ्याकडे का? कारण मी उंच होते आणि माझा आवाज मोठा. माझा एक डोळा कायम फाटकावर असायचा. मला त्याचा केवढा अभिमान. मी वहीच्या मागच्या पानावर आलेल्या पाहुण्यांची यादी ठेवायचे, जणू ते मलाच भेटायला आले होते.

बाईंना मात्र यातलं काही गोड लागत नसे. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सामन्यांना आम्हाला बोलावणं यायचं, ते मुलांच्या कबड्डीच्या दोन डावांमध्ये. मुलं लिंबू चोखत बसायची आणि आम्ही नाचायचं. मग कुणीतरी माईकवरून म्हणायचं, "छान, छान, मुलींनी चांगली करमणूक केली." मुलांना खेळाडू म्हणून प्रमाणपत्र मिळायचं आणि आम्हाला लिमलेटची गोळी. एकदा परत येताना बाई पावलं मोजत होत्या, मी गोळी चघळत होते. बाई म्हणाल्या, "गोड हाय का?" मी म्हटलं, "लई." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की गोळी तशीच गिळली गेली.

"त्या पोरांपेक्षा तुमी कमी घाम गाळता का?" त्या म्हणाल्या. "पडला तर तुमचं हाड मोडत न्हाय का? मग तुमचं नाव खेळाडू म्हणून का लिहीत न्हाईत?" माझं नाव आतापर्यंत फक्त फळ्यावर, बोलणाऱ्या मुलींच्या यादीत लिहिलं गेलं होतं.

बाईंनी अर्ज केले. जिल्ह्याच्या क्रीडा समितीकडे त्या स्वतः जायच्या, बूट घालूनच. तिथले लोक म्हणायचे, बाई, लेझीम हा का खेळ आहे, तो उत्सव आहे. बाई सांगायच्या, वेळ ठरवा, गुण ठरवा, परीक्षक बसवा, मग सांगा. मी नववीत असताना समिती नमली. मुलींचं लेझीम आणि मनोरे, पाच मिनिटांची स्पर्धा. दोन वर्षं बघू म्हणाले, जमलं तर ठेवू, नाहीतर पुन्हा आपलं मध्यंतरात.

त्या पहिल्या वर्षी आम्ही सोळाजणी मैदानात उतरलो. ढोल सुरू झाला. दोन मिनिटं अशी गेली की परीक्षक पुढे वाकून बघू लागले. आणि नेमकी फाटकातून पांढरी गाडी आत आली. प्रमुख पाहुणे, नेहमीप्रमाणे उशिरा.

मी काय केलं असेल? मी "सलामी" म्हणून असा पुकारा केला की स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. सोळाच्या सोळाजणी गर्रकन वळल्या. परीक्षकांकडे पाठ, पाहुण्यांकडे तोंड. लेझीम कपाळाशी. मग दोन रांगा, मधून वाट. पाहुणे हसत, हात जोडत, मधून चालत गेले. इतकी बिनचूक सलामी आम्ही आयुष्यात दिली नव्हती. ते खुर्चीत बसले आणि शिट्टी झाली. पाच मिनिटं संपली होती. मनोरा झालाच नव्हता.

परीक्षकांनी हसून लिहिलं, "स्वागत उत्तम." हेडसर खूश. पाहुण्यांनी प्रत्येकीला एकेक पेन्सिल दिली. आणि मी, सांगायला लाज वाटते, मी आनंदात होते. पेन्सिल दाखवायला बाईंकडे पळत गेले. बाई आमच्या लेझिमी एकेक करून पोत्यात भरत होत्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. ओठ हललेच नाहीत. त्या मोजतच नव्हत्या. मला तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. ती पेन्सिल मी कधी टोक काढून वापरली नाही.

पुढचं वर्षभर बाईंनी आमच्याकडून एकच गोष्ट करून घेतली: फाटकाकडे बघायचं नाही. सराव चालू असताना त्या शिपाईमामांना हार घालून फाटकातून आत आणायच्या. एकदा स्वतःच काळा चष्मा लावून, खांद्यावर चादर टाकून साहेबासारख्या चालत आल्या. आम्ही हसून हसून कोसळलो. मनोरा दोनदा माझ्या अंगावर आला. बाई रोज विचारायच्या.

"गाडी आली तर?"

"येऊ दे," आम्ही सोळाजणी.

"मंत्री आला तर?"

"बसू दे."

"आणि तुमचे हेडसर हात हलवाया लागले तर?"

यावर बाईच सांगायच्या, "हलवू दे की. हवा येईल."

पण हे त्या हसून म्हणत असल्या तरी हेडसरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, हे आम्हाला शिपाईमामांकडून कळलं होतं. पथक शाळेचं आहे, शाळेचे पाहुणे आले की त्याने स्वागत करायचं, खेळबीळ नंतर. नाहीतर बदलीला संस्थेच्या दुसऱ्या शाळा आहेतच. बाई तशाच बाहेर येऊन सरावाला आल्या, आणि त्या दिवशी त्यांनी आमचा मनोरा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा ठेवला.

दुसऱ्या वर्षी पाहुणे वेळेवर येतील अशी मला वेडी आशा होती. छे. आमची चार मिनिटं झाली, मनोरा चढायला लागला. आम्ही सहाजणी खाली, तिघी वर, आणि लक्ष्मीचा पाय माझ्या खांद्यावर. तेवढ्यात पाठीमागे फाटकात गाडीचा हॉर्न. माझी मान अशी वळवळायला लागली, काय सांगू! ती मान माझी नव्हतीच, ती शाळेची मान होती. कुंपणापाशी हेडसर दोन्ही हात हलवत होते, "सलामी, अगं सलामी." पाहुणे, नंतर कळलं, गाडीतून उतरून हात जोडून उभे. त्यांना वाट द्यायला कुणी नाही. सगळं मैदान त्यांच्याकडे बघतंय, आणि आम्ही सोळाजणींनी त्यांच्याकडे सरळ पाठ केलेली.

डोळे मिटले तर पडेन, उघडे ठेवले तर मान फाटकाकडे वळेल. मी बाईंकडे बघितलं. त्या मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या, हेडसरांपासून दहा पावलांवर, आणि त्यांनाही हेडसरांचं सगळं ऐकू जात होतं. त्या फक्त वर बघत होत्या, लक्ष्मीकडे. लक्ष्मी शेंड्यावर ताठ उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि शिट्टी होईपर्यंत हलली नाही. मीही हलले नाही. माझ्या आयुष्यातला एवढा एकच पराक्रम, आणि त्यात मी केलं काय, तर काहीच केलं नाही.

आमचा दुसरा नंबर आला. समितीने स्पर्धा कायम केली. पंधरा दिवसांनी प्रमाणपत्रं आली. बाईंनी ती वर्गात न वाटता मैदानात वाटली, एकेकीला पुढे बोलावून. माझ्या कागदावर लिहिलं होतं, खेळाडूचे नाव, आणि पुढे माझं नाव, आडनावासकट. आईने ते दोनदा वाचलं आणि मावशीला दाखवायला घेऊन गेली.

त्याच आठवड्यात बाईंच्या बदलीचा कागद आला. पाहुण्यांचा अपमान झाला होता ना. संस्थेची एक शाळा जेऊरला होती, तिथे लगेच हजर व्हायचं. आम्ही सोळाजणी लेझिमी घेऊन स्टेशनवर गेलो. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की गाडी हलली की बाईंना सलामी द्यायची. इतक्या उपऱ्यांना दिली, मग यांना का नाही? बाई खिडकीशी बसल्या होत्या, पायाशी वळकटी. आम्ही रांगा धरायला लागलो तशा त्या खिडकीतून म्हणाल्या, "लेझिमी खाली."

आम्ही खाली केल्या.

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं झालं सगळं. मी मान वळवली असती तर तुम्ही इथंच राहिला असता."

"मान वळवली असतीस तर मी आपणहून गेले असते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेचार झाले. सरावाची वेळ हाय न्हवं? मग हितं काय करताय? जावा."

"पण बाई, आता सराव घेणार कोण?"

"घेनार कोन म्हंजे? खेळ तुमचा हाय."

गाडी सुटायच्याही आधी त्यांनी आम्हाला स्टेशनबाहेर काढलं. आम्ही उन्हातून धावत शाळेत आलो. शाळा सुटली होती, फाटक ओढून घेतलेलं, शिपाईमामा ढोल कुलपात ठेवून घरी गेलेले. मैदानावर एक माणूस नव्हता. आम्ही सहाजणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. तिघी चढल्या, बाकीच्यांनी भोवती आधाराला हात लावले. रडून रडून सगळ्यांची नाकं गळत होती आणि पुसायला एकीचाही हात मोकळा नव्हता. मग लक्ष्मी चढली, शेंड्यावर उभी राहिली, हात पसरले.

थोड्या वेळाने वरून तिचा आवाज आला, "अक्का, कोणीच बघत नाही. उतरू का?"

मी म्हटलं, "उभी राहा."