सगळ्यात हळू गाडी पुढं: भर पावसात राधानगरी

"राधानगरीचं दरवाजं उघडल्यात. अब्बांना दाखवायचं हाय, न्हेशील?" सलीमचा फोन. त्याचे अब्बा म्हणजे आमचे चाचा. आमच्या सगळ्यांच्या गाड्यांच्या सीटा त्यांनीच शिवल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते, मशिनीलाही हात लावला नव्हता. धरणाचे हे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. कुणासाठी थांबत नाहीत. दुसऱ्याच सकाळी चार गाड्या काढायचं ठरलं.

आखणी अर्थात माझ्याकडे. माझं दुकान पाइपांचं, पण गाडी मी स्वतः खोलून शिकलोय. पावसात निघणाऱ्यांनी एवढं पाळा: टायरची नक्षी बघा, दिवे लावा पण झोत खाली ठेवून, आणि दोन्ही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालवू नका, मागच्याला वळण कळत नाही. ताफ्यात सगळ्यात हळू गाडी पुढं. आमच्यात ती सलीमची जुनी व्हॅन. सरकत्या दारातून चाचांना पाय न दुमडता बसवता येतं.

चुलतभाऊ विजयची नवी कोरी गाडी शेवटी ठेवली, तर तो भडकला. "आण्णा, वरात हाय का काय? तवर दरवाजं मिटतील की!"

"मागचा पुढच्याला गाठतो. पुढचा मागच्याला कसा गाठंल?"

मिसळ कोल्हापुरातच खाऊन घेतली. बिद्रीला साखर कारखान्याची चिमणी पावसाळ्यामुळे थंड होती. तिथून मी मुद्दाम आतला रस्ता धरला: दोन्हीकडं भात, मध्ये एका गाडीपुरतं डांबर. रस्ता देखणा, पण पुढं ओढ्याच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. म्हशी घेऊन उभा असलेला एक जण ओरडला, "पावणं, पवायला आलाय व्हय? फिरा मागं!"

"माझी जाईल," विजय म्हणाला.

"तुझी जाईल. चाचांची?"

गाड्या जागच्या जागी वळवल्या, आणि आता विजय सगळ्यात पुढं, चाचा सगळ्यात मागं. म्हटलं, गेला हा सुसाट. पण पठ्ठ्या प्रत्येक वळणावर कडेला थांबायचा. आरशात व्हॅनचा दिवा दिसल्यावरच हलायचा. मुधाळ तिट्ट्याच्या मोठ्या रस्त्यानं पोचलो तसेच.

दरवाजे मिटलेले होते.

"आत्ताच की हो," भजीवाली म्हणाली. माझ्या आतल्या रस्त्याच्या हौसेनं वेळ खाल्ला होता. टोमणा मारायचा हक्क विजयचा होता, पण तो छत्री घेऊन व्हॅनच्या दाराशी गेला.

"मिटलंय तर उघडंल की," चाचा आतूनच म्हणाले. "भजी सांगा."

गरम कांदाभजी, चहा. माणशी पन्नासाच्या आत होतं. पाऊस वाढतच होता. दुसरा चहा हातात असताना धरणाकडून गडगडाट झाला. दरवाजा उचलला गेला आणि पाणी कोसळलं.

चाचा बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पांढऱ्या रेक्झिनचा तागा उलगडल्यागत. कुणी हात बी लावला न्हाय." परतताना ते हट्टानं विजयच्या गाडीत बसले, पुढची सीट पार मागं सरकवून.

तुम्ही जाणार असाल तर सरळ मोठ्या रस्त्यानं जा, हे मी सांगतोय. वळणावळणावर थांबल्याबद्दल विजयला मात्र मी अजून काही म्हणालेलो नाही. म्हटलं तर "वरात नेली, आण्णा," एवढंच म्हणेल.

आठवडाभरात चाचांचा त्याला निरोप आला: "येताना तुझ्या गाडीत बसलो. कंपनीची सीट पाठ मोडती. घेऊन ये."

नव्या गाडीला कुणाला बोट लावू न देणारा विजय सीट स्वतःच्या हातानं काढून घेऊन गेला. सलीम सांगत होता, मशीन सकाळपासून चालू आहे.